भीमथडी घोडी

टिंक्चर आयोडीनचा वास आला की मला कळंबोलीजवळचा तो तबेला आठवतो. खारघरला भराभर टॉवर उठत होते तेव्हाची गोष्ट. मी नुकतीच जनावरांची डॉक्टर झाले होते. तिथल्या एका बिल्डरने पनवेलच्या म्हाताऱ्या टांगेवाल्या चाचांकडून शुद्ध मारवाडी जातीची समजून घोडी घेतली होती, आणि चाचांसमोरच तिला तपासताना मी शहाणपणा मिरवत म्हणाले, "ही मारवाडी नाही, भीमथडी आहे. बंदरांत उतरलेले अरबी घोडे, मोगलांबरोबर आलेले तुर्की, मराठ्यांच्या फौजेतली तट्टं, सगळ्यांचं रक्त आहे हिच्यात." "म्हणजे भेसळ!" असं ओरडत बिल्डरने लोखंडी साखळी उचलून घोडीच्या तोंडावर हाणली. तिची नाकपुडी फाटली, ती किंचाळत मागच्या पायांवर उभी राहिली. दुसरा फटका चाचांनी मध्ये पडून हातावर झेलला; बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "मारवाडी मी कधी म्हटलंच नव्हतं, साहेब," ते कण्हत म्हणाले, "माझी घोडी मला परत द्या." मी त्यांचा हात धरायला गेले तर म्हणाले, "आधी तिला शिव, बेटी." मी टाके घालत होते आणि शेजारी त्यांचं रक्त गवतावर ठिबकत होतं. अजूनही मालक मला घोड्याची जात विचारतात. मला ती ओळखता येते, पण मी फक्त त्याची तब्येत सांगते.