भिंगाची पेन्सिल

कर्ज देणाऱ्या त्या कंपनीत दोन उमेदवार एकाच सोमवारी चिकटले. सहा महिन्यांनी त्यांतल्या एकालाच कायम करणार, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी, पाणी हवं का विचारावं तितक्या सहज सांगून टाकलं. एक होती हसरी. दुसरा आपला नायक. त्याला ऑफिस पुढे ‘भिंग’ म्हणू लागलं, आणि हे नाव त्याने घाम गाळून कमावलं होतं.

हसरीचं सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपे. तिची खुर्ची सरळ, याची डावीकडे कललेली. तिच्या स्टेपलरची पिन पहिल्या दाबात बसे, याचा स्टेपलर कागदाला नुसता चावून सोडी. दारावरचा रखवालदारसुद्धा तिला पूर्ण सलाम ठोकतो आणि आपल्याला पाऊण, अशी त्याची पक्की खात्री होती.

देवाने मात्र त्याला एक अस्त्र दिलं होतं. कर्जाची फाइल एकाने तयार करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, अशी तिथली पद्धत. हसरीच्या फाइली तपासायला भिंग. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! नव्या सुनेने घासलेली भांडी सासूने उन्हात धरून पाहावीत, तसा तो एकेक कागद उजेडाला धरी. कर्जदाराचं वय पहिल्या पानावर चौतीस आणि शेवटच्या पानावर पस्तीस. मधल्या आठवड्यात बिचाऱ्याचा वाढदिवस होऊन गेलेला. तरी भिंगाने पेन्सिलीने गोल केलाच. हसरी दुरुस्ती करी आणि म्हणे, बरं झालं सांगितलंस. त्या ‘बरं झालं’ने त्याचा जळफळाट दुप्पट होई.

घरी जेवतानाही तिचाच विषय. शेवटी आई वैतागली. “दुसऱ्याच्या ताटात किती वाढलंय ते बघतोयस, आणि तुझं निवून गेलं.”

सहा महिने सरले. साहेबांनी दोघांना आत बोलावलं. हसरीच्या दोनशे दहा फाइली; वरच्या ऑफिसातून एकही परत आली नव्हती. साहेबांच्या उभ्या नोकरीत असं घडलं नव्हतं. भिंगाचीही एकही परत आली नव्हती, पण त्याच्या होत्याच मुळी नव्वद. बाकीचा वेळ कुठे गेला, असं साहेबांनी विचारलं. बाकीचा वेळ त्याने स्वतःच्या हाताने हसरीला निर्दोष करण्यात घालवला होता.

“साहेब, माझ्या फाइली परत आल्या नाहीत त्या याच्यामुळे,” हसरी म्हणाली. “याला घालवलंत तर महिन्याभरात माझं पितळ उघडं पडेल.”

साहेबांनी डोकं खाजवलं, आणि कायम हसरीला करून भिंगाला आणखी सहा महिने दिले. नोकरी वाचली, तीही हिच्या कृपेने. आता हिचं मनसुद्धा आपल्यापेक्षा मोठं! भिंगाच्या पोटात नवी चूल पेटली.

बाहेर येताच तिने नेमणुकीचं पत्र त्याच्यापुढे धरलं. “सही करण्याआधी तू एकदा बघ ना.”

त्याने पाहिलं. तिसऱ्याच ओळीत रुजू झाल्याची तारीख मंगळवारची पडली होती. म्हणजे कागदोपत्री ती त्याला एका दिवसाने धाकटी! अख्खी जेवणाची सुट्टी भिंग त्या सुखात डुंबत होता. रखवालदाराचा सलामही त्याला आज पूर्ण वाटला. मग पत्र परत करायला म्हणून त्याने ते उचललं, आणि मेली सवय, हात पेन्सिलीकडे गेला.