पाऊण तासावरची नर्सरी

भांडायचं असलं की काकू आधी चष्मा काढून गल्ल्यावर ठेवायच्या. "समोरच्याचं तोंड नीट दिसलं की मला दया येती, अन् मग भांडन हुत न्हाई," असं त्या सांगायच्या.

तेलगावात माझ्या मेडिकलच्या समोर त्यांचं किराणा दुकान. अशी एक बाई तुमच्याही गल्लीत असेलच. वरातीतला डीजे असो, रस्त्यात आडवी लावलेली उसाची ट्रॉली असो, मुदत संपलेली बिस्किटं गळ्यात मारणारा एजंट असो, काकूंचा आवाज सगळ्यांवर सारखाच चढायचा. पुष्कळदा त्यांचं चुकायचंही. चुकलं की चष्मा पुन्हा घालून म्हणायच्या, "बरं, ऱ्हायलं." एवढीच माफी.

पण एका बाबतीत त्यांचं चुकलं नव्हतं. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून जात नाही, म्हणून सांगायला बसलो आहे.

त्यांची नात तीन वर्षांची झाली, आणि मुलानं तिला तालुक्याच्या गावी इंग्रजी नर्सरीत घातलं. शाळा पाऊण तासावर. म्हणजे रस्ता मोकळा असला तर. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागे शाळेची गाडी कुठे अडकेल याचा नेम नसायचा. शिवाय वाटेतल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करत गाडी जायची.

"लेकरू हाय का पोतं?" काकू घरात गरजल्या. "कावून इतक्या लांब धाडता?"

मुलाआधी सूनच बोलली. एरवी तिचा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. "आत्या, इंग्रजीतून फोन आला की मी कट करते. समोरचा काय म्हनतोय कळतच न्हाई. हिचं तसं हू नये."

काकूंनी चष्मा पुन्हा घातला. "बरं, ऱ्हायलं," म्हणाल्या. पोरगी गाडीत बसून जाऊ लागली.

दिवाळीनंतर काकू तापाचं औषध न्यायला आल्या. थोड्या दिवसांनी पुन्हा आल्या. तिसऱ्या खेपेला त्या अंबाजोगाईच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. पोरीला लघवीचा संसर्ग झाला होता.

"डॉक्टर म्हनले, पानी पीत न्हाई का ही?" काकू हळू आवाजात सांगत होत्या. "खरंच की हो. सकाळी पेला पुढं केला की तोंड फिरवती. मी म्हनलं, का गं माय? तर म्हनती, गाडीत शू आली की अंकल थांबत न्हाईत."

मी बाटली कागदात गुंडाळत राहिलो. मला वर बघवेना. तीन वर्षांच्या लेकरानं स्वतःशीच तोड काढली होती. रडली नाही, तक्रार केली नाही. पाणी प्यायचंच सोडलं. आणि आम्ही मोठी माणसं, ती आता गाडीत न रडता बसते म्हणून कौतुक करत होतो!

पोरगी बरी झाली त्या दिवशी तिला कडेवर घेऊन काकू स्वतःच गाडीत चढल्या. "काकू, जागा न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "लेकरं कोंबायला जागा हाय, अन् मला न्हाई व्हय?" झालं. गाडी निघाली. जाताना एक पोरगं झोपलं होतं आणि खड्डा आला की त्याचं डोकं खिडकीच्या गजावर आपटत होतं. काकूंनी शाळेपर्यंत आपला हात त्या गजाला लावून ठेवला.

शाळेच्या संचालकांनी त्यांना चहा दिला. गाडीत कॅमेरा आहे, पालकांना मोबाइलवर सगळं दिसतं, असं समजावलं.

"त्या कॅमेऱ्यात लघवी लागल्याली दिसती का हो?"

संचालक मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "आजी, जवळ चांगली सोय असेल तर तिथं घाला ना. कुठंय सांगा."

हे सगळं काकूंनी मला आल्या आल्या सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज उतरला. "हसला त्याचा राग न्हाई मला. पर मेला खरं बोलला."

आमच्या गल्लीच्या मागेच अंगणवाडी आहे. बाई रोज येतात, शिकवतात, खाऊ देतात. पण तिथल्या संडासाला कुलूप होतं, आणि आत कुणाच्या तरी बांधकामाची सिमेंटची पोती रचलेली. किल्ली सरपंचांकडे. पोरं शेजारच्या बोळात बसायची.

काकू सरपंचांकडे निघाल्या. मी दुकानाचं शटर ओढून सोबत गेलो. सरपंच मोठे बागायतदार, ओट्यावर चारचौघांत बसलेले.

"अंगनवाडीत आता कोन घालतंय, काकू?" ते म्हणाले. "माझा नातू बी त्याच गाडीनं जातो की. मजेत हाय."

मला वाटलं, आता चष्मा उतरणार. पण काकूंनी तो काढला नाही. नीट त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "सकाळी पानी पितो का त्यो?"

"म्हंजी?"

"घरात इचारा. त्येच्या आईला इचारा."

आणि चहा यायच्या आत उठल्या.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचा नातू गाडीत नव्हता. दुपारी माणसं आली, पोती उचलली, संडास धुतला. आठवड्यात नळ आला. गावानं सरपंचांची वाहवा केली. कसली वाहवा? दुसऱ्यांची लेकरं बोळात बसत होती तोवर ती पोती कुणाला जड झाली नव्हती. त्यासाठी सरपंचांच्याच घरातल्या लेकरानं तोंड फिरवावं लागलं.

काकूंनी नातीला अंगणवाडीत घातलं. मुलगा कित्येक दिवस त्यांच्याशी बोलला नाही. "माझ्या पोरीचं नुकसान केलं आईनं," असं तो माझ्या काउंटरवर येऊन सांगायचा. पोरगी तेव्हा समोरच्या पायरीवर घटाघटा पाणी पीत बसलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुकानात बसल्या जागी छातीत कळ आली, तेवढंच. लिंगायत रीतीनं समाधी देऊन परतताना गल्लीत इतकी शांतता होती की कुणीतरी भांडायला पाहिजे होतं.

जूनमध्ये काकूंचा धाकटा नातू तीन वर्षांचा झाला. एका सकाळी दारात तीच गाडी थांबली. मुलानं पोराला उचलून आत बसवलं. आता मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. मी शटर अर्धं वर करून तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात सून बाहेर आली. अनवाणी, हाताला कणीक लागलेली. तिनं गाडीचं दार उघडलं आणि पोराला कडेवर घेतलं.

"अगं, नाव घातलंय त्याचं तिथं!" नवरा ओरडला.

"घातलं असंल," ती म्हणाली. आवाज नेहमीइतकाच.

ती मागच्या गल्लीकडे, अंगणवाडीच्या वाटेनं चालू लागली. पोराचं दप्तर गाडीतच राहिलं होतं. ड्रायव्हर ते खिडकीबाहेर धरून हॉर्न वाजवत राहिला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.