अमेरिकेत आधी आला, त्याची बॅटिंग आधी

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या आमच्या मराठी मंडळाची एक सॉफ्टबॉल टीम होती. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच. फक्त चेंडू मोठा, मैदान लहान, पोट सुटलेल्यांनाही झेपेल असा. आम्हाला तोही झेपत नव्हता. ऐंशीच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यांत आम्ही दर शनिवारी सकाळी हरायचो आणि दुपारी बटाटेवडे खायचो.

टीमचे कॅप्टन एक काका. टीम त्यांनीच काढलेली, त्यामुळे पिचिंगही, म्हणजे चेंडू टाकणंही, तेच करणार. बॅटिंगचा क्रम ठरवायची त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. जो अमेरिकेत आधी आला, त्याची बॅटिंग आधी. साहजिकच पहिला नंबर त्यांचा, मग साठच्या दशकात उतरलेले बाकीचे काका, आणि अगदी तळाला मी. माझी पाळी येईपर्यंत समोरची टीम बॅगा भरायला लागलेली असे.

या सगळ्या काकांचं क्रिकेट हाडात मुरलेलं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं असतं; हे ती घट्ट धरूनच पळायचे आणि पहिल्या बेसजवळ, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याशी, पोचले की क्रीज असल्यासारखी वाकून जमिनीवर टेकवायचे. बाकावरून त्यांचीच पोरं ओरडायची, "डॅड, ड्रॉप द बॅट!" ऐकतील तर शपथ.

मी बरा मारायचो. बरा कशाला, लांब मारायचो. उगाच नम्रपणा कशाला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. पदवी मिळाली ती मार्कांवर, रांगेत आधी येऊन उभा राहिलो म्हणून नाही. त्यामुळे काकांची पद्धत माझ्या डोक्यात जायची. मला वरचा नंबर हवा होता, बास.

एका उन्हाळ्यात जवळच्या शहराची व्यावसायिक बेसबॉल टीमही सपाटून मार खात होती. एका शनिवारी काकांकडे टीव्हीसमोर सगळे जमलो होतो. काकांचं मत ठाम होतं.

"हे थकलेले खेळाडू ट्रेड करून टाका, यार. बदल्यात तरुण पोरं आणा. थोडे दिवस हराल, पण टीम नव्यानं उभी राहील. भावनेनं टीम चालत नसते."

मी म्हटलं, "काका, मग आपणही रिबिल्ड करूया की."

वडे चावायचे थांबले.

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी शेवटी यायचं. ज्यांना पळता येतं त्यांनी आधी."

"अरे, अनुभव म्हणून काही असतो की नाही?"

"असतो ना," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रोज रात्री त्या अनुभवाला बाम मीच चोळते."

सगळे हसले. काका नाही हसले. पण आत्ताच एवढं भाषण ठोकलेलं. माघार कशी घेणार? "ठीक आहे," ते म्हणाले. "करू ट्रेड."

आमच्या लीगमध्ये शेजारच्या गावातल्या एका हॉस्पिटलची टीम होती. पुढच्या शनिवारी काका त्यांच्या कॅप्टनशी बोलून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आपल्यातलं दुसरं कुणी त्यांना नकोय. घेतील तर तुलाच घेतील म्हणतात. रिबिल्डची आयडिया तुझीच ना?"

"आणि बदल्यात कोण येणार?"

काकांचा चेहरा उजळला. "एक डॉक्टर आहेत त्यांच्याकडे. पुण्याचे! आपला मराठी माणूस तिकडे परक्यांत खेळतोय रे."

डॉक्टर आले. काकांहून वयानं मोठे, कमरेला कंबरदुखीचा पट्टा. पोरगा देऊन आजोबा आणले आणि मंडळानं त्याला नवी उभारणी म्हणून पेढे वाटले. पुढची गंमत मला काकूंनी फोनवर सांगितली. डॉक्टर अमेरिकेत काकांच्याही आधी आलेले निघाले. म्हणजे पहिला नंबर त्यांचा, काका दुसऱ्यावर. पद्धत त्यांचीच, तक्रार कुणाकडे करणार?

हॉस्पिटलच्या टीमची कॅप्टन एक नर्स होती. मी अमेरिकेत कधी आलो हे तिनं विचारलंच नाही. थोडे चेंडू टाकून पाहिले आणि चौथा नंबर दिला. तिथे जोरात मारणाऱ्याला ठेवतात.

मग आमची मॅच मंडळाशीच लागली. माझी पाळी आली. समोर काका. त्यांनी चेंडू टाकायला हात मागे नेला आणि तसेच थांबले. वळून त्यांनी मैदानावरच्या सगळ्या काकांना हातवारे केले.

"मागे जा! अहो डॉक्टर, तुम्हीसुद्धा. अजून मागे, पार झाडांपर्यंत! हा लांब मारतो."

इतके उन्हाळे मला तळाला बसवणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं तर.

मी मारला. चेंडू झाडांच्या पलीकडे गेला, आपल्या भाषेत षटकार, म्हणजे पळायची घाई नाही. बॅट तिथेच टाकली आणि अगदी सावकाश, काकांकडे बघत बघत पळालो.