गोरखचिंचेचा घेर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माहेरी, नाशिकला, शेजारच्या काकू दाराला लिंबू-मिरची टांगायच्या, तर मी त्यातलं लिंबू काढून सरबत करून प्यायलेय! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण कुणाला तरी सांगायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल माझं.

मी चेन्नईत पेरुंगुडीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सासर तंजावरच्या मराठी लोकांचं, राहतो अड्यारला. घरापासून दहा मिनिटांवर ते जंगल-उद्यान... तारेच्या कुंपणाआड चितळं, ताड, काटेरी झुडपं, आणि बाहेर अखंड हॉर्न. जानेवारीत तिथं झाडांची मोजणी होती, दर रविवारी सकाळी, दोघादोघांच्या जोड्या करून. माझ्या जोडीला सासरे. बाबांची बायपास झालेली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. सासूबाई दारातच म्हणाल्या, "त्यांना एकटं सोडू नको हं." मी तोऱ्यात म्हटलं, "मी आहे ना!"

काम सोपं होतं. छातीच्या उंचीवर खोडाभोवती टेप न्यायची, घेर वाचायचा, बाबांनी वहीत लिहायचा. चालता चालता बाबा त्यांच्या जुन्या मराठीत, तमिळ हेल काढून गोष्टी सांगत होते. त्यांचे आजोबा इथं कारकून होते म्हणे, जंगल शिकारीसाठी राखीव होतं तेव्हा. "आंत माळ्यांची वस्ती होती, अम्मा." (मला ते लाडानं अम्मा म्हणतात.) "कुंपण घालायला आले तेव्हां ती माणसं झाडांना पाठ लावून उभी राहिली. हालेचनात."

"मग?"

"मग काय, ठाऊक नाहीं. आजोबा तिथंच गोष्ट थांबवायचे."

नऊच्या सुमारास गोरखचिंचेपाशी आलो. प्रचंड खोड, मागच्या बाजूला दाट काटे. मी टेपचं टोक झुडपामागे सरकवलं आणि ओरडले, "बाबा, धरा!" पलीकडून बोटांनी टोक घेतलं. माझ्या बोटांना त्यांचा स्पर्श झाला... गार, खरखरीत. टेप सरसर गेली आणि दुसऱ्या बाजूनं टोक बाहेर आलं. मी ते पकडून वाचलं.

"नऊ मीटर चाळीस! लिहा बाबा."

"लिहितों," उत्तर माझ्या पाठीमागून आलं.

वळून पाहिलं, तर बाबा चांगले वीस पावलांवर दगडावर बसलेले. मांडीवर वही, हातात पाण्याची बाटली. दुसऱ्या जोडीतलं कुणी असेल म्हणून मी "कोण आहे? यार अदु?" असं दोन्ही भाषांत विचारलं. साधी फांदीही हलली नाही.

"थांब, बघतों," म्हणत बाबा उठले आणि मी नको म्हणेपर्यंत खोडामागे गेलेसुद्धा.

"बाबा?"

"बाबा, ओ द्या ना!"

टेपची दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती. घाबरून मी ती नुसती ओढत होते, का ते आजही सांगता यायचं नाही. मग तशीच काट्यांत घुसले. बाबा खोडाला पाठ लावून उभे होते, टेपच्या आत. डोळे मिटलेले, दोन्ही हात बाजूंना पसरलेले. आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हळू ओढ, अम्मा. बाकीच्यांना लागतंय."

तिथं दुसरं कुणीही नव्हतं हो!

मी त्यांना दंडाला धरून अक्षरशः फरफटत बाहेर आणलं. हात ओरबाडले, चप्पल तिथंच राहिली, मी रडत होते. फाटकाशी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं? रडतेस कां?" त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी दुसऱ्या जोडीनं तेच झाड मोजलं. सात मीटर साठ. सगळे मला हसले, "टेप सैल धरली असणार मॅडमनी!" दोन मीटरच्या आसपास सैल? टेप खोडाला घट्ट बसली होती असं मला वाटत होतं, पण मागची बाजू मी कुठे पाहिली होती?

तेव्हापासून मी बाबांना एकटं बाहेर सोडत नाही. मला वेळ नसला की ते बाल्कनीत बसून राहतात. चालणं बंद, पाय सुजलेत, डॉक्टर रागावतात, सासूबाई तर माझ्याशी धड बोलत नाहीत. बाबा मात्र रोज विनवतात, "एकदांच ने तिकडं." मी रोज थाप मारते की मोजणी संपली.

काल पुन्हा तेच म्हटलं. बाबा लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाले, "संपली कशी, अम्मा? मला कुठं मोजलंय अजून?"

मी उठून दाराला आतून कुलूप घातलं. किल्ली माझ्याजवळच आहे. याचा अर्थ मला लागत नाही, आणि कुलूप किती दिवस पुरेल तेही कळत नाही.