शेवटी पोचणाऱ्याची विश्रांती

शालिनीमावशींवर अन्याय झाला तो काल दुपारी, न्यूझीलंडच्या समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात, जेवणाआधीच्या थांब्यावर. खाली खडकांवर सील उन्हात लोळत होते. तेच पाहायला मावशी इतक्या लांब आल्या होत्या. पायी फिरणारा आमचा सहलीचा गट केव्हाचा सावलीत पाय पसरून बसला होता. फोटो झाले, संत्री खाऊन झाली. मग मावशी धापा टाकत चढ चढून आल्या. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, तोच पुढारपण करणारा पराग उठला.

"आल्या मावशी! चला, निघू या. समुद्र आटायच्या आत पोचायचंय!"

सगळे हसले. मावशीही हसल्या. "व्हा पुढं, येतेच मी," म्हणत त्यांनी पाणी न पिताच झाकण लावलं.

याला आपण वाट पाहणं म्हणतो! ज्यांचे पाय दुखत नव्हते त्यांना सावली, आणि जी सर्वांत दमली तिला पुढची चाल. वर्गात, कचेरीतही तेच. मागे पडलेला कसाबसा पोचतो आणि आपण म्हणतो, झालं, सगळे आले.

मावशी चालताना मान वळवून खाली सीलकडे बघत होत्या, आणि प्रत्येक वेळी ठेचकाळत होत्या.

तुमच्यातला शेवटचा माणूस पोचेल तेव्हा उठू नका. त्याला टेकू द्या, पाणी पिऊ द्या, आणि चला कधी म्हणायचं ते त्यालाच ठरवू द्या.