शाळेच्या भिंतीचा हिरवा रंग

आज घराच्या दारांना तेलरंग दिला आणि त्या वासाने मला तीस वर्षांपूर्वीच्या इंदापुरात नेले. तेव्हा मी तिथल्या शाळेत तरुण शिक्षक होतो. बारामती-इंदापूर भागातल्या कितीतरी शाळा आणि धर्मशाळा गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने, तात्यांनी, आखल्या, उभ्या केल्या. आमची शाळाही त्यांचीच. त्यांची दृष्टी गेल्यावर गावाला त्यांच्या सत्काराची आठवण झाली. शाळा शोभून दिसावी म्हणून मी आदल्या दिवशी तिच्या काळ्या घडीव दगडांना हिरवा तेलरंग देवविला.

सत्काराच्या सभेत तात्यांनी शालीआधी भिंत मागितली. “दगडांच्या सांध्यातल्या माज्या दरजा हाताला लागू द्या, मंग बसतो.”

त्यांचे तळवे भिंतीवर बराच वेळ फिरत राहिले.

“मास्तर, दगड कुठं हाय?”

“रंगाखाली आहे, तात्या.”

“मंग रंगाऱ्याचा सत्कार करा की.”

सभा मनमुराद हसली. ओल्या रंगाने शाल खराब होईल म्हणून अध्यक्षांनी ती मागे धरली आणि मी रॉकेलच्या बोळ्याने तात्यांचे हिरवे झालेले तळवे पुसू लागलो. त्यांनी ते लहान मुलासारखे निमूटपणे पुढे केले होते. मला मात्र तेव्हा एवढीच काळजी होती, की भाषणांना उशीर होतो आहे.