जुन्या गाडीचा योग्य महिना

एखादी वस्तू विकत न घेण्यासाठी माणसाने किती अभ्यास करावा, याचा जो उच्चांक आमच्या सिल्वासाच्या शेजाऱ्यांनी करून ठेवला आहे, तो माझ्या हयातीत तरी कोणी मोडील असं मला वाटत नाही. वस्तू म्हणजे मोटारगाडी, आणि तीही जुनी. नव्या गाडीसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, आणि शेजाऱ्यांना स्वतः ठरवलेली वाट बघायला आवडे, दुसऱ्याने ठरवलेली नाही. साठीच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी अलिबागकडून तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो होतो आणि सरकारी क्वार्टर्समध्ये माझ्या आणि त्यांच्या खोल्यांच्या मध्ये एक भिंत होती. भिंत इतकी पातळ होती की त्यांच्या मतांपासून माझा बचाव होण्याची काही सोय नव्हती.

ते बांधकाम खात्यात होते. कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. रोज सकाळी बरोबर साडेआठला ते छत्री घेऊन जात, आदल्या दिवसाचा पाऊस मोजत आणि वहीत लिहीत. ऊन पडलेलं असलं तरी जात, आणि वहीत शून्यही तितक्याच वळणदार अक्षरात काढत. कदाचित या कामामुळेच असेल, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक नेमकी वेळ असते आणि ती वहीत सापडते, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. छत्री ते डिसेंबरात घेत, कारण तेव्हा दुकानदार अडलेला असतो. घोंगडी मे महिन्यात घेत. डिसेंबरात घेतलेली छत्री गळते हे जूनमध्ये कळे, आणि तोवर दुकानदार ओळख दाखवीत नसे. पण छत्री गळते म्हणून सिद्धांत गळतो असं ते मानत नसत. "मास्तर, छत्री चुकली. महिना बरोबर होता," असं ते मला भिजलेल्या खांद्याने समजावून सांगत.

गाडीच्या बाबतीत हा सिद्धांत पूर्णत्वाला गेला होता. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता. त्यावर बारा महिने आणि प्रत्येकापुढे जुनी गाडी घेण्याबद्दलचा निकाल. जानेवारीत घेऊ नये, कारण साल बदललेलं असतं पण विकणारा मागच्या सालची किंमत धरून बसतो. मार्चमध्ये ठेकेदारांची बिलं निघतात, त्यामुळे तेही गाड्या बघत फिरतात. एप्रिल-मे लग्नसराई, तेव्हा गाडीचं नावच काढू नये. जूनमध्ये साहेबलोकांच्या बदल्या होतात आणि ते गाड्या काढतात, पण मुंबईहून येणारे नवे साहेब त्या तिथल्या तिथे उचलतात. श्रावणापुढे नुसतं 'अजिबात नको' असं लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, कारण गणपती-दसऱ्याच्या आशेने विकणाऱ्याची मान ताठ झालेली असते. दसरा-दिवाळीला तर लोक गाडीला हार घालतात, आणि हार घातलेल्या गाडीची किंमत कमी करा म्हणायला माणसाची जीभ रेटत नाही. असे अकरा महिने खोडून झाल्यावर भाद्रपदातला दुसरा पंधरवडा तेवढा शिल्लक राहिला होता. त्याभोवती त्यांनी तांबडं वर्तुळ काढलं होतं. पितृपंधरवड्यात मराठी माणूस काही घेत नाही, शराध म्हणून गुजराती माणूस काही घेत नाही. गिऱ्हाईक म्हणून एकटे आमचे शेजारी. शिवाय पाऊस अजून संपलेला नसतो, त्यामुळे टप कुठे गळतो तेही दिसतं.

"पण विकणारा तीन आठवडे थांबून दसऱ्याला विकील की," मी एकदा म्हणालो.

"थांबू शकणारा माणूस पावसाळ्यात गाडी काढतच नाही," ते म्हणाले. 

अडचण एकच होती, आणि ती स्वयंपाकघरात होती. "पितृपंधरवड्यात मी घरात सुपलीसुद्धा आणू देत नाही, नि तुम्ही गाडी आणणार?" असं वहिनींनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. वहिनी बोर्डीच्या. सगळं आयुष्य चिकूच्या वाडीत गेलेली त्यांची आई तिथे वहिनींच्या भावाबरोबर राहत होती. खरं म्हणजे गाडीची सगळी भानगड या म्हातारीसाठीच सुरू झाली होती. तिचे गुडघे गेले होते. बसची पायरी तिला चढवत नसे, आणि घोलवडला आगगाडीत बसून वापीला उतरणं, मग पुन्हा बस, हे तर दूरच. मुलीचा संसार सिल्वासाला मांडून पाच वर्षं झाली, पण तिने ते घर पाहिलं नव्हतं. दाराशी गाडी आली तर मी येईन, एवढं ती म्हणाली होती. पैशांचा प्रश्न नव्हता, पैसे पोस्टात होते. प्रश्न महिन्याचा होता.

बाकी तयारी मात्र जय्यत होती. खात्यातल्या जीपच्या ड्रायव्हरकडून ते गाडी चालवायला शिकले होते आणि लायसनचं नूतनीकरणही न चुकता करून घेत होते. गाडी चमकवायच्या मेणाचा डबा आणून ठेवला होता. कोणती गाडी मिळेल हे ठाऊक नसताना शिंप्याकडून कापडाचं आच्छादनसुद्धा शिवून घेतलं होतं, साधारण अंदाजाने. ते वहिनी पावसाळ्यात सरपणावर घालत. फार छान बसायचं.

आणि गाडीही होती. सामरवरणीला एक वयस्क पारशी जमीनदार राहायचे. मुलाकडे मुंबईला जायचं म्हणून त्यांनी आपली काळी, चार दारांची, विलायती गाडी विकायला काढली होती. शेजारी ती प्रथम बघायला गेले ते मे महिन्यात, मला घेऊन. मेमध्ये पाऊस नसतो, म्हणजे टप गळतो का हे कळणार कसं? शेजाऱ्यांनी विहिरीवरून बालदी भरून आणली आणि गाडीच्या टपावर ओतली. गाडीचे गुण दाखवायला बावाजी त्या वेळी आत बसले होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून उत्तर स्पष्ट दिसत होतं. "अरे साहेब, मी गाडी विकते, म्हस नाय विकते! तिला न्हाऊ कशाला घालते?" ते ओरडले. शेजाऱ्यांनी शांतपणे वहीत 'उजवीकडे, ड्रायव्हरच्या डोक्यावर' अशी नोंद केली आणि सप्टेंबरात येतो असं सांगून निघाले.

त्या सप्टेंबरात वहिनींनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. दसऱ्याला बावाजींनी भाव चढवला. दिवाळीनंतर भाव उतरला तर साल संपत आलेलं. पुढच्या मेमध्ये शेजारी पुन्हा सामरवरणीला जाऊन गाडी बघून आले, आणि बावाजींनी चहा पाजला. त्यांचं मुंबईला जाणं लांबत होतं. मला वाटतं, वर्षातून तीन-चार वेळा येणारं हे गिऱ्हाईक त्यांनाही हवंहवंसं झालं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात वहिनी आठ दिवस माहेरी जाऊन आल्या. आल्यावर त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला भिंतीतून ऐकू आलं असतं. मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो होतो तेव्हा त्या तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "दर वेळी आई विचारायची, गाडी कधी? या वेळी तिने विचारलं नाही."

शेजारी भिंतीवरच्या कागदाकडे बघत बसले. मग त्यांनी आयुष्यात कोणत्याही जावयाने केलं नसेल असं काहीतरी केलं. सरकारी माणूस अडला की वरच्याला लिहून विचारतो, तसं त्यांनी थेट सासूबाईंना पत्र लिहिलं. मला ते वाचून दाखवलं. 'विषय: पितृपंधरवड्यात जुनी मोटार खरेदी करण्यास परवानगी मिळणेबाबत.' खाली तीन मुद्दे होते, क्रमांक घालून. वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी उत्तराचं कार्ड आलं. अक्षर भावाचं होतं, पण मजकूर म्हातारीचा होता यात शंका घ्यायला जागा नव्हती.

'जावईबापूंस आशीर्वाद. पंधरवड्यात नवी वस्तू घेऊ नये हे खरं. पण गाडी जुनी आहे असं तुम्हीच लिहिता, तेव्हा नव्याचा विटाळ कसला? शिवाय मी आता अर्धी पितरांतच जमा आहे. त्या दिवसांत मला न्यायला गाडी आली तर शोभूनच दिसेल. मुलीला माझं नाव सांगा, ती ऐकेल. तुमची वेळ येईल तेव्हा या. मी आहे तोवर आहे.'

वहिनींनी कार्ड वाचलं, खळखळून हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. "घ्या पंधरवड्यात," आतून आवाज आला. "तीच म्हणते तर मी कोण?"

म्हणजे सिद्धांताचा विजय झाला होता. इतक्या वर्षांच्या अभ्यासाला आता कोणाचाही विरोध उरला नव्हता. शेजाऱ्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. शेवटची ओळ ते दोनदा वाचताना मी पाहिलं. मग त्यांनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवून दिवस मोजले.

"सव्वीस दिवस आहेत, मास्तर," ते म्हणाले, "फार आहेत." आणि पायात चपला सरकवल्या.

आम्ही सामरवरणीला पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. आम्हाला बघून बावाजी चकित झाले. "अरे साहेब, अजून शराध बेठा नथी! आज कसा आला?" शेजारी म्हणाले, "माहीत आहे. गाडी द्या." बावाजींनी दसऱ्याचा भाव सांगितला, बहुधा सवयीने, घासाघीस होईल म्हणून. शेजारी "बरं" म्हणाले. बावाजींचा चेहरा पडला. इतक्या दिवसांचा खेळ असा एका शब्दात संपावा हे त्यांना सहन झालं नसावं. "बालदी आणू?" त्यांनी विचारलं. शेजाऱ्यांनी नको म्हणून मान हलवली.

पुढच्या रविवारी ते बोर्डीला गेले आणि संध्याकाळपर्यंत म्हातारीला घेऊन आले. गाडीत चढायला म्हणून वहिनींनी घरातला जेवायचा पाट बरोबर दिला होता. आमच्या दाराशी तो पाट चिखलात ठेवला गेला, त्यावर आधी एक पाय आला, मग दुसरा, आणि मग एवढीशी म्हातारी. उजवीकडे गळणाऱ्या टपामुळे जावई नखशिखांत भिजले होते, ती मात्र कोरडी होती. ती दारात उभी राहिली, घराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बरं आहे हो." वहिनींनी तिचा हात धरून तिला आत नेलं. 

ती दसऱ्यापर्यंत राहिली. सकाळी साडेआठला जावई पाऊस मोजायला निघाले की ओट्यावरून विचारायची, "किती पडला ते येताना सांगा हो." आणि ते येऊन सांगत. पुढच्या वर्षीच्या पंधरवड्यात तिचं पान वाढलं गेलं.

त्यानंतर वर्षभराने शेजाऱ्यांची बदली होणार असं बोललं जाऊ लागलं. गाडी मी घ्यावी असं मला वाटत होतं. एप्रिलमध्ये मी विचारलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आता मुळीच घेऊ नका, मास्तर. लग्नसराई आहे. जूनमध्ये माझा हुकूम हातात पडू दे. मी तेव्हा चांगला अडलेला असेन. तेव्हा पाडून मागा." मी जूनपर्यंत थांबलो. त्यांचा हुकूम आला, ते अडले, आणि मी पाडून मागितलं. ते मनापासून खूश झाले.

निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गाडीचं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत तो पाट होता. "हा सामानात घ्यायचा राहिला," मी म्हणालो. "राहू दे गाडीतच," ते म्हणाले. "कधी कोणाला लागेल." मग जरा थांबून म्हणाले, "लागला तर महिना बघू नका."

गाडी पुढे सात वर्षं माझ्याकडे होती, उजवीकडे अखेरपर्यंत गळत होती. पाट मी काढला नाही. माझी आई अलिबागला होती, तिचे गुडघे सुरुवातीला चांगले होते. पुढे ते दुखू लागले, तेव्हा मी त्याच आठवड्यात गाडी घेऊन तिला आणायला निघालो. श्रावण होता.